मागच्या रांगेतली मोकळी जागा

कामशेत, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थरूप महिपतीमामांस,

भाचा हौशीराम याचा साष्टांग दंडवत. तुमचा गुडघा आणि तांबडी गाय यांची खुशाली कळवावी (आईनं गाईची आधी विचारायला सांगितलं होतं, क्रम मी बदलला). आम्ही सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

विद्यापीठाच्या पलटणीत मी नाव घातलं तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि अबोला धरलात. मला वाटलं, भाच्याची छाती भरत नाही म्हणून. असो. यंदाही छावणी नेहमीप्रमाणे लोणावळ्याजवळ तुंगार्लीला पडली. आमच्या पलटणीचा जुना रिवाज असा, की परेडला मागच्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी सोडायची. ती भिमाजीची. फार वर्षांमागं इथंच हा पोरगा कवायतीला उशिरा आला, म्हणून हवालदारानं त्याला धुक्यात एकट्यालाच चालायला लावलं. 'क्विक मार्च' म्हटलं, तेवढ्यात साहेबानं हाक मारली म्हणून हवालदार वळला, आणि 'हॉल्ट' म्हणायचं राहिलं. पोरगा हुकमाचा पक्का. दरीची कड आली तरी थांबला नाही. तेव्हापासून परेडच्या शेवटी कमांडर सगळ्यांना 'हॉल्ट' म्हणतो, मग धुक्याकडं तोंड करून पुन्हा एकदा, त्याच्यासाठी. पलटण थांबल्यावरही दोन बूट वाजत असतात, ते तेव्हा थांबतात. (हे ऐकून मी हसलो होतो. शास्त्राचा विद्यार्थी ना!)

यंदा कमांडरचा मान माझ्याकडं आला. पहिला 'हॉल्ट' दणक्यात गेला. दुसऱ्याला घसा बसला आणि खुडूक कोंबडीसारखा आवाज निघाला. पलटण खो खो हसली. बूट चालतच राहिले, ते माझ्या मागं लागले. लोणावळ्याच्या चहावाल्यानं न विचारता माझ्यापुढं दोन कप ठेवले. मी नाडी बांधायला वाकलो, तर मागं जागच्या जागी पाय आपटणं सुरू (शिस्त मात्र वाखाणण्यासारखी). आई म्हणते, तुझा दोस्त उंबऱ्याबाहेर का उभा, जेवायला बोलाव. घसा सुटल्यावर मी रानात जाऊन 'हॉल्ट' ओरडून पाहिलं. शेजाऱ्याचा बैल तेवढा थांबला. मामा, मला भीती वाटते, पण त्याहून जास्त त्याची कीव येते. किती चालायचं एखाद्यानं!

छावणीचा जुना आचारी कोंडाजी म्हणाला, "दर वर्साचा हॉल्ट उसना व्हता, यंदा त्यो बी चुकला. ज्यानं चाल म्हटलं, त्यानंच आता थांब म्हणायचं. दुसऱ्याचं न्हाई ऐकायचा त्यो."

बाकी सर्व ठीक. वडीलधाऱ्यांना नमस्कार, गाईला गोंजारणे.

आपला भाचा,
हौशीराम

ता. क. इथवर आईला वाचून दाखवलं. पुढचं तुमच्यापुरतं. कोंडाजीनं त्या हवालदाराचं नाव सांगितलं. तुम्ही पलटण का सोडलीत आणि लोणावळ्याच्या वाटेला का जात नाही, ते कळलं. माझ्या मनात राग नाही. भिमाजीच्याही नसावा.

ता. क. दुसरा. लखोट्यावरचं तुमचं नाव मी मोठ्यानं वाचलं, तेव्हा मागच्या बुटांचा ताल पहिल्यांदाच चुकला. मी मागं न बघता, हात मागं करून पत्र धरणार आहे. हातातून कुणी घेतलंच, तर ते टपालाआधी तुमच्या शिरगावात पोचेल. आणणाऱ्याला चहापाणी विचारू नका, तो घेणार नाही. दारात पाय आपटत उभा असेल. ओरडायची गरज नाही, मामा. हळू म्हटलंत तरी तो ऐकेल.