विकली नाही, दिली

जावईबापू,

सवयीने आशीर्वाद लिहिणार होते, तो राहू दे. तुमच्या वकिलांची नोटीस मिळाली.

लग्नाच्या व्हिडिओचे पैसे तुम्ही भरलेत, म्हणून हक्क तुमचा, हे मान्य. व्हिडिओवाल्याने तो न विचारता दुकानात नमुना म्हणून लावला आणि तुमच्या नव्या सासरच्यांनी पाहिला. तुमचा संताप मला समजतो. पण सगळ्या प्रती गोळा करून नष्ट करायच्या, त्यात माझीही?

मी व्हिडिओवाल्याला जाब विचारायला गेले. तो म्हणाला, "आई, तुमची प्रत मी तुम्हाला विकली का? मुलगी गेली तुमची, म्हणून तशीच दिली."

"तशीच दिली तरी कायद्याला चालत नाही. नोटीस वाचता येत नाही का?" मी त्याला सुनावलं.

त्या व्हिडिओत माझी लेक एकदाच बोलते. "आई, पुरे ते रागावलेलं तोंड, इकडे बघ ना!" मी बघत नाही. मी खुर्च्या लावणाऱ्यांवर ओरडत असते. फोटो घरभर आहेत, पण तिचा आवाज एवढाच उरलाय. तुम्हाला तो नको आहे, आणि दुसऱ्या कोणाकडे राहायलाही नको.

उद्या मी डिस्क वकिलांकडे जमा करीन. सोबत लेखी देईन, "माझ्याकडे दुसरी प्रत नाही." मी जन्मात खोटं बोललेली नाही, हे तुम्हीच त्यांना सांगाल.

दुसरी प्रत ज्या डब्यात ठेवली आहे, त्यातच हे पत्र ठेवते.

अजूनही तुमची,
सासू