जाईचं आडनाव

४ नोव्हेंबर, मंगळवार
विनोदला मुलगी झाली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. माझा धाकटा भाऊ, चाळिशीचा बाप्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडत होता. सुषमा ठीक आहे. बाळ लालबुंद, रागावलेलं. विनोद मला म्हणाला,
"बाई, नाव तुलेच ठेवा लागते. आत्या लेखिका हाये म्हनल्यावर असंतसं नाव चालनार नाई. आन आपल्या आडनावासंग शोभलं पायजे."
आपल्या आडनावासंग. मी हो म्हणाले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
वहीचं पान भरलं. हजेरी घ्यावी तसं एकेक नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. रेवा घुबडे. ओवी घुबडे. मीरा घुबडे. नाव जितकं नाजूक, तितकं आडनाव त्याच्या छातीवर बसतं.
सातवीत मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागच्या बाकांवरून घू-घू सुरू व्हायचं. शिकवणाऱ्या बाई फळ्याकडे वळून हसायच्या. तेविसाव्या वर्षी राजपत्रात देऊन आडनाव बदललं. गावावरून चिरोलीकर. पहिली कथा त्याच नावानं छापून आली, पुढे सात पुस्तकं. लग्न केलं नाही, त्यामुळे तिसरं आडनाव लागलं नाही.
जाई घुबडे. हे बसतंय. का ते सांगता येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
चंद्रपूरहून सकाळच्या बसनं मूल गावी, विनोदच्या घरी. सु.ला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. वि. राइस मिलमध्ये, नवं धान यायला लागलंय, रविवारीही सुट्टी नाही.
सु. बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होती.
"जाई छान हाये, ताई. मले पसंत हाये. पन कागदावर जाई चिरोलीकर लावू."
मी तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली.
"तुमी नाई का बदललं? अकरा वर्सांनी आली माही पोरगी. तिले कोनी घुबड म्हनलं तर मले नाई सहन होनार. त्यायले तुमी सांगा. तुमचंच आयकतेत."
सांगते म्हणाले. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मी हेच केलंय.
संध्याकाळी वि. बसस्टँडवर सोडायला आला. वाटेत विषय काढला. त्यानं गाडी बाजूला घेतली.
"म्हंजे मी घुबडे आन माही पोरगी चिरोलीकर? शाळेत आनाले गेलो तर मास्तर म्हनन, तुमी कोन? ड्रायवर का?" हसला. मग हसायचं थांबला. "बाबाचं काय झालं होतं, मालूम हाये ना तुले?"
तू म्हणशील तसंच करू, मी म्हणाले.
एका दिवसात दोघांना दोन शब्द देऊन आले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
बाबांचं लिहायला बसले की पेन थांबतं. आज लिहून टाकते.
बाबा त्याच मिलमध्ये काट्यावर होते, धानाची पोती तोलायचे. माझी पहिली कथा आली तेव्हा तो अंक आणि पेढ्यांचा पुडा घेऊन कामावर गेले. मुनीमजींनी पान उघडलं. "सदाशिवभाऊ, हे तर कोनी चिरोलीकर हाये. तुमची पोरगी कुठी हाये याच्यात?" बाबांनी बोट ठेवून दाखवलं, सुनंदा. "सुनंदा तं गल्लीगल्लीत हायेत, भाऊ!" सगळे हसले. वाईट मनानं नाही, पोती उचलता उचलता माणसं हसतात तसे. बाबांनी अंक मिटला. पेढे वाटले नाहीत.
वि. तेव्हा सुट्टीत काट्यावर मदतीला जायचा, त्यानं पाहिलं. मला सांगितलं ते बाबा गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी.
मला बाबा त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले होते, "चांगलं लिवलं." पुढचं एकही पुस्तक त्यांनी बाहेर कुणाला दाखवलं नाही. मला वाटायचं, त्यांना त्यात रस नाही. एका मुलाखतीत तसं बोललेसुद्धा.
आडनाव बदलण्याआधी विचारलं नव्हतं. झाल्यावर राजपत्राचा कागद पुढे धरला, वाचा म्हणून. ते म्हणाले, चष्मा आन. मला गाडी गाठायची होती. नंतर वाचा, मी म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बारसं. पाळण्याला झेंडू. बाळाच्या कानाशी वाकले तर पाठीत बायकांचे धपाटे सुरू. आत्याला सुट्टी नाही.
"काय पुटपुटून राह्यल्या आत्याबाई? जोरानं सांगा!"
"जाई!"
"जाई कोन? पुरं सांगा ना!"
सु. बघत होती. पाळण्याच्या पलीकडून वि. बघत होता. दोघांच्याही चेहऱ्यावर खात्री.
"जाई विनोद," मी म्हणाले.
"आन आडनाव काय उखान्यात घेता?" शेजारची म्हातारी म्हणाली. केवढा हशा.
पंगतीत वि.नं मला बुंदी वाढली नाही. बाकी सगळ्यांना वाढली. सु.नं निघताना हळदकुंकू लावलं, नजर मात्र करंड्यावर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
वि. तांदळाच्या ट्रकसोबत चंद्रपूरला आला होता. दारातूनच कागद दिला. नगरपरिषदेत बाळाचं नाव लिहून द्यायचा अर्ज.
"तूच भर. तुहं अक्षर चांगलं हाये."
"सुषमा काय म्हणते?"
"बोलत नाई ना. ताट वाढते आन आत जाते." चहा नको म्हणाला. जिन्यात थांबून, "तू तवाच सांगाले पायजे होतं, बाई. त्या दिवशी. तू दोघायलेबी हो म्हनली."
कळलं तर. बायको-नवरा बोलत नसले तरी एवढं बोलले.
पहिल्या रकान्यात जाई लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. पुढे पेन टेकवलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
सु.ला फोन केला. पेढ्यांचं सगळं सांगितलं. मुनीमजी, बाबांचं बोट, चष्मा. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्या घरात आहे आणि कुणीच बोललं नव्हतं. ऐकताना मध्ये एकदा नाक ओढलं.
मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या ताई, घुबडेच लावा.
ती म्हणाली, "मंग तुमी काऊन नाई होत परत?"
"काय?"
"घुबडे. तुमी परत घुबडे व्हा. पुस्तकावर छापा. मंग पोरीले शाळेत कोनी हासलं तं मी तुमचं पुस्तक दाखवीन, हे पाय, तुही आत्या. तुमी व्हाल तं माही पोरगी बी राहीन घुबडे."
मी सात पुस्तकांचं काहीतरी बोलायला लागले. लोक त्याच नावानं ओळखतात, वगैरे. ती ऐकून घेत राहिली. मुनीमजींसमोर बाबांनीही असंच ऐकून घेतलं असेल.
"मंग माह्या पोरीलेच काऊन सांगता, ताई?"
रागानं म्हणाली नाही. खरंच विचारत होती.
विचार करते म्हणाले. "करा," म्हणाली. तिनंच फोन ठेवला.
अर्ज टेबलावर आहे. मंगळवारी वि. न्यायला येणार. आडनाव परत घ्यायचं तर आधी कुठे जावं लागतं, तेव्हाचं काहीच आठवत नाही. उद्या कुणाला तरी विचारून बघते.