बुटकं स्टूल

सोमवार, ४ मार्च

कंबर गेली. आज पलंगाचा कठडा धरूनही उठवेना. नातसून म्हणते, आजी, दिवसभर त्या बुटक्या स्टुलावर वाकून बसता, दुसरं काय होणार! म्हटलं, मी सांगते तेवढंच लिही — कागदावर तरी सासूगिरी नको.

स्टुलावर बसू नको तर काय करू? घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून यांची मान जी छातीवर पडलीय, ती वर नाही. बोलणंही बंद. डॉक्टर म्हणाले, मानेला काही झालेलं नाही, मन खचलंय. मग मीच खाली बसते, माझं तोंड यांच्या नजरेत येईल अशी. घास भरवते. मी दिसले की डोळे जरा हलतात. तेवढ्यावर दिवस ढकलायचा.

बुधवार, ६ मार्च

व्यायाम शिकवणारी मुलगी आली. वय नातीचं, हुकूम फौजदाराचे. पाठ भिंतीला, खांदे मागे, हनुवटी वर! म्हणाली, पोक काढून बसलं की श्वास अर्धा राहतो, मनही मिटतं. म्हटलं, बाई गं, या वयात मन उघडून काय वाळत घालायचंय?

गुरुवार

काही नाही. दमले.

शुक्रवार, ८ मार्च

उंच खुर्चीत ताठ बसले. श्वास पार पोटापर्यंत गेला — आणि एकदम रडू आलं. कशाचं ते विचारू नकोस गं, लिही. वाकून बसलं की सगळं आतच दबून राहत असावं. रडून झाल्यावर हलकं वाटलं, मग लाज वाटली. कारण यांच्याकडे पाहिलं तर नुसतं टक्कल दिसलं. म्हणजे यांना मी दिसतच नाही आता.

शनिवार, ९ मार्च

भरवायला खाली बसू गेले, अर्ध्यातच कमरेत चमक भरली. मुलाने स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. म्हणाला, "आई, आता बंद म्हणजे बंद." म्हटलं, मग तुझ्या बापाने बघायचं कोणाकडे? सुनेने घास पुढे केला, यांनी तोंड उघडलं नाही. मी खुर्चीत, चौकातल्या पुतळ्यासारखी. पाठीला आराम आहे, जिवाला नाही. उद्या स्टूल खाली काढायला लावते. जाऊ दे कंबर.

रविवार, १० मार्च

स्टूल माळ्यावरच आहे. सकाळी यांनी माझ्या स्टुलाच्या जागी पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मान थरथरत वर आली — माझ्या तोंडापर्यंत. तिथे थोडी थांबली आणि आणखी वर गेली.

"पंखा किती मळलाय," म्हणाले.

मी खाली जात होते, तोवर यांना वर बघायची गरजच कुठे होती!

पंख्याला कोणी फडकं लावायचं नाही, असं घरात सगळ्यांना बजावलंय.