माझ्या निधनाची बातमी आणि त्यानंतरची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा वृत्तपत्र चालवणे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. मी जिवंत आहे, हेही नमूद करतो. एरवी हे लिहावे लागत नाही. पण आजच्या आमच्याच अंकात पहिल्या पानावर माझ्या निधनाची बातमी आहे. एकाच डोळ्याने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्यावे.

काल मी मोतीबिंदू काढायला गेलो आणि संध्याकाळी घरी आलो. कार्यालयात कुणीतरी 'असू दे हाताशी' म्हणून माझा तयार मृत्युलेख पानात लावला आणि काढायचा राहिला. पूर्वी चूक एका गावापुरती असे. आता नऊ आवृत्त्यांचे पहिले पान एकच, त्यामुळे मी नऊ जिल्ह्यांत एकदम गेलो. लेख मी तीनदा वाचला. वय कार्यालयाने काल भरले, ते एका वर्षाने चुकले आहे, एवढीच चूक सापडली.

१. राहते घर मुलास. एकाच्या नऊ आवृत्त्या त्याने केल्या, हे मान्य. मात्र सकाळी त्याचा फोन आला तो, "बाबा, ओरडू नका, उद्या आतल्या पानावर खुलासा टाकतो," एवढे सांगायला. सबब माझी खुर्ची त्याला देत नाही.

२. खुर्ची आणि पायाने चालवायचे पहिले छपाईयंत्र जुन्या मशीनमनला. यंत्राला रोज तेल घालणारा तोच एकटा.

३. कंपनीतला माझा संपूर्ण हिस्सा माझ्या थोरल्या बहिणीस. कारण लिहितो.

ती आज पहिल्या बसने आली. दार मीच उघडले, एका डोळ्यावर पट्टी. ती उंबऱ्यातच खाली बसली. मग माझा दंड चिमटून पाहिला, रडली, आणि पिशवीतून अंक काढला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मीच. दहा वर्षांपूर्वी."

"'एकट्याच्या बळावर उभं केलं'? मग चार वर्षं खिळे कोण जुळवत होतं रे? भूत?"

 पहिल्या अंकापासून शिशाचे एकेक अक्षर तिने उभ्याने जुळवले. निधनाची बातमी आली की ती आधी त्या घरी जाई. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणूस मारायचा नाही, हा नियम तिचा. आवृत्त्या वाढल्या तेव्हा वेळ नाही म्हणून तो मीच काढला. तिला तर त्याआधीच, कंपनीची नोंदणी केली तेव्हा, काढले होते. स्वतःच्या मरणाने मी दचकलो. पण तीनदा वाचूनही ती त्यात नाही हे मला दिसले नाही, याने पुरता हादरलो आहे.

४. उद्यापासून नऊही आवृत्त्यांत संस्थापक म्हणून तिचे नाव आधी, माझे नंतर. खुलासा पहिल्या पानावर.

५. मी खरोखर गेलो की ताईने येऊन बघावे, मगच छापावे. ती आधी गेली तर मी जाऊन बघेन आणि बातमी मीच लिहीन. ती मला आज लिहिता येणार नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. दिनांक: आजच्या अंकावर आहे तोच, तेवढा बरोबर आहे. (सही)

साक्षीदार: १. डोळ्यांचे डॉक्टर (सही) २. शेजारी (सही)

हिस्सा मला मिळणार म्हणून माझी साक्ष चालत नाही म्हणे. तरी लिहिते: जिवंत आहे. मी डोळ्यांनी बघितला. — ताई