अठ्ठावीस दातांचा मुखवटा

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
ही वही खासगी आहे. कुणीही वाचायची नाही. (बायको, हे तुला.)
काल साक्षात्कार झाला. बावीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या करतोय. वरचे चौदा दात, खालचे चौदा, गुलाबी हिरडी, पॉलिश, डबीत घाल, क्लिनिकला पाठव. पुढचा. काल मोबाईलवर आफ्रिकन मुखवट्यांचा व्हिडिओ पाहिला. साडेचार मिनिटांचा. दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा संपेपर्यंत कळून चुकलं की आयुष्य मी भलत्याच तोंडांवर घालवलं.
संकल्प: महिनाभरात बारा मुखवटे. २८ तारखेला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रदर्शन. हॉल बुक केलासुद्धा.
बायकोला सांगितलं. आत्यांच्या कवळीचं काय, असं तिने विचारलं. मी आफ्रिकेत, ही कवळीत.

४ फेब्रुवारी, बुधवार
आत्याचं असं आहे. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. डिसेंबरात तिचे उरलेसुरले दात काढले. तेव्हापासून सूप, दुधात बुडवलेला पाव आणि तोंडावर रुमाल. घरातसुद्धा. माझ्यासमोरसुद्धा.
आणि आता २८ लाच तिची मैत्रीण येतेय. एकतीस वर्षांनी. दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी बसायच्या. आत्या हसली की बोलणाऱ्यांना लाइनवर तिचंच हसणं ऐकू जायचं, म्हणून सुपरवायझरने दोघींना वेगळं बसवलं होतं म्हणे. आत्याने सांगून टाकलंय, रुमाल धरून मी तिला भेटणार नाही, दात झाले नाहीत तर तिला येऊ नको म्हणून कळवीन.
मी म्हटलं, भाचा कवळ्या करत असताना आत्या बोळकी राहील होय? काळजी सोड.
कवळी म्हणजे पाच दिवसांचं काम. तेवीस तारखेला बसलो तरी वेळेत. प्लॅनिंग हा माझा मूळ स्वभाव.

७ फेब्रुवारी, शनिवार
पहिला मुखवटा झाला! लॅबचं प्लास्टर आणि वर्तमानपत्राचा लगदा. लांब चेहरा, लांब नाक, अर्धे मिटलेले डोळे. गूढ. सुकल्यावर पाहिलं तर हुबेहूब आमचा पोस्टमन. हरकत नाही. शैली सावकाश येते.
जुनाटपणासाठी बुटाचं पॉलिश चोळलं. दोन थर. दोनशे वर्षांचा वाटतो. वास मात्र सोमवारच्या सकाळचा येतो.

९ फेब्रुवारी, सोमवार
दाढीचा प्रश्न होता. सुटला. दारातल्या पायपुसण्याचा काथ्या. नैसर्गिक, खरखरीत, अस्सल.
संध्याकाळी बायको दारात उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. मग, पायपुसण्याला टक्कल पडलंय, असं म्हणाली. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आपलं निदान दात करून भरतंय, ते तरी धड करा, असंही म्हणाली. कलावंताच्या घरी हे चालायचंच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आत्याला घेऊन क्लिनिकमध्ये. डॉक्टरीणबाईंनी दोनदा फोन केला म्हणून मेणातली कवळी तेवढी करून नेली होती. (बायकोला अजून फरक कळत नाही. मेणातली ही नुसती बघण्यापुरती. दात खरे, हिरडी मेणाची. तोंडात घालायची, माप तपासायचं, काढायची. मग मेण वितळवून त्या जागी पक्कं प्लास्टिक. हजारदा सांगितलंय.)
आत्याने कवळी घातली. डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला. आत्याने रुमाल मांडीवर ठेवला आणि आरशात बघत राहिली. मग हळूच हसली. पुढचा एक दात जरासा तिरका करून दे, माझा तसाच होता, मैत्रिणीला लगेच ओळख पटेल, असं म्हणाली. मी तिथल्या तिथे मेण गरम करून दात फिरवला. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. वातावरण अगदी योग्य होतं, म्हणून मी पिशवीतून मुखवटे काढले.
डॉक्टरीणबाई मूळच्या आफ्रिकेतल्या. शिकायला आल्या, इथेच रमल्या, आपली भाषा फाडफाड बोलतात. म्हटलं, हरखून जातील. त्यांनी पोस्टमन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हा कुठल्या लोकांचा? मी म्हटलं, आफ्रिकेचा. त्या म्हणाल्या, आफ्रिका केवढी मोठी आहे, माझ्या आजोबांच्या गावचा मुखवटा पलीकडच्या गावाला ओळखू येत नाही. मग, हा घालणार कोण आणि कशासाठी? मी म्हटलं, भिंतीसाठी. तर म्हणाल्या, आमच्याकडे मुखवटा लाकडातून कोरतात, ठरलेला माणूस ठरलेल्या दिवशी घालतो, अंगभर कापड, ढोल, नाच, सगळं मिळून तो मुखवटा. भिंतीवर टांगलेला म्हणजे डबीतली कवळी.
बाई हुशार आहेत, पण आपल्या मुळांपासून तुटल्यात. मी मुखवट्यामागच्या आत्म्याबद्दल वीस मिनिटं सांगितलं. बाहेर चार पेशंट होते. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, आजींची कवळी पाच दिवसांत पक्की करा.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सहा मुखवटे. वेग जबरदस्त. बायकोच्या मते सहाही जण पोस्टमनचे भाऊ आहेत.
तोंडं रिकामी दिसतात ही खरी अडचण. एकाला शर्टाची बटणं लावली, तर तो शर्टच वाटू लागला. दुसऱ्याला लॅबमधले सुटे दात लावले, ते बारीक पडले. एवढ्या मोठ्या तोंडात उंदराचे दात.
लॅबचं काम थोडं तुंबलंय. खालच्या गल्लीतल्या लॅबवाल्याने दोन ऑर्डरी उचलल्या. उचलू दे. त्याला कलेचा गंध नाही. नऊला दुकान उघडतो, सहाला बंद करतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार
ठरल्याप्रमाणे आज आत्याची कवळी पक्की करायला घेणार होतो. पण आज ‘महामुख’ने जन्म घेतला. दोन फूट उंच, अर्धा हसरा, अर्धा रागीट. प्रदर्शनाचा कळस! असं काम हातून एकदाच होतं, ते अर्धवट टाकलं तर पाप लागेल.
आत्याला सांगितलं की हिरड्या अजून बसल्या नाहीत, चार दिवस थांबू. ती म्हणाली, तूच बघ बाबा, त्यातलं तुला कळतं.
बघितलं? विश्वास.

२५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २.३०
महामुखचं तोंड उघडं आहे. (या वेळी तोंड मुद्दाम माणसाएवढंच ठेवलंय.) टेबलावर आत्याची मेणातली कवळी आहे. मी काही केलं नाही. नुसती जवळ धरून पाहिली.

२५ फेब्रुवारी, दुपारी २.४५
काय बसलीय! जणू त्याच मापाची. तो तिरका दात तर असा काही जिवंतपणा आणतो की बोलायची सोय नाही. महामुख हसलं. माझ्या अंगावर काटा आला.
अर्थात तात्पुरतं. २८ ची संध्याकाळ संपली की काढायची आणि २९ ला पक्की करायला घ्यायची. मैत्रीण चार दिवस राहणारच आहे.

२५ फेब्रुवारी, दुपारी ४.००
यंदा २९ तारीख नाही. असो. १ मार्च.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
आत्याने सकाळी विचारलं, परवा तर ती येतेय, झाली का रे? प्लास्टिकची पावडर संपलीय, कंपनीकडूनच आली नाही, असं सांगितलं. (पावडर आहे. अर्धा डबा आहे. पण तिला तांत्रिक बाबी सांगून काय उपयोग?)
ती उठली. आत जाऊन मैत्रिणीला फोन केला. मला ताप आलाय, येऊ नको, पुन्हा कधीतरी बघू, असं सांगितलं. आवाज अगदी ऑपरेटरचा, सपाट. धडधडीत खोटं बोलली. या वयात! घरात खोटं बोलणं मला बिलकूल खपत नाही.
बाहेर आली तेव्हा रुमाल घट्ट धरला होता. सूप तसंच राहिलं. मला कसंतरीच झालं. मग उद्घाटनाच्या भाषणाला बसलो, तेव्हा बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.००
हॉल सजला. अकरा मुखवटे आणि मधोमध महामुख. वाचनालयाच्या शिपायाने महामुखवर दोनशे वॅटचा दिवा सोडलाय. सूर्यासारखा झळाळतोय. आत्याला येच म्हणून आग्रह केला. तेवढंच तिचं मन रमेल.
बायको महामुखसमोर उभी राहिली, तोंडात बघितलं, मग माझ्याकडे. हे दात आत्यांचे ना, असं विचारलं. मी म्हटलं, आजच्यापुरते. तिने फक्त पर्स उचलली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. एवढी गप्प मी तिला कधी पाहिली नाही. भारावली असावी.

१ मार्च, रविवार. सकाळी ८.००
काल घडलं ते जसंच्या तसं लिहितो. इतिहास आहे.
पंचवीस माणसं. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. वाचनालयाचे अध्यक्ष महामुखशेजारी उभे राहून बोलत होते. आफ्रिकेबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून ते वाचनालयाच्या गळक्या छताबद्दल बोलले. वीस मिनिटं. दिवा चालूच.
टक्.
अध्यक्षांच्या फाइलवर एक दात पडला. त्यांनी आधी स्वतःच्या तोंडाला हात लावला. मग दुसरा पडला. मग तीन एकदम. महामुखच्या हनुवटीवरून गुलाबी मेण ओघळत काथ्याच्या दाढीत शिरलं. बावीस वर्षं मेण हाताळतोय मी. दिव्याखाली मेण वितळतं हे मला कुणी सांगायला हवं होतं का? प्रसववेदनांत माणसाला भान राहत नाही.
पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मीही मान तुकवली.
तेवढ्यात आत्या उठली. सरळ पुढे आली, वाकली आणि जमिनीवरून एक दात उचलला. उलटापालटा करून पाहिला. तिरकेपणा काही दातात नसतो, मेणात असतो, पण तिला कळलं. माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.
दारातून आवाज आला, हा कसला गं ताप? मैत्रीण! बॅग हातात. फोनवरचं खोटं तिला तेव्हाच कळलं होतं, तरी आली. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारत हॉलवर पोचली. आत्याच्या एका हातात दात, दुसऱ्यात रुमाल. मैत्रिणीने आत्याकडे पाहिलं, महामुखकडे पाहिलं, तेवढ्यात त्याची वरची उरलेली कवळी थप्पकन खाली आली. मैत्रिणीला हसू फुटलं. आणि मग आत्याला. रुमाल कुठे पडला तिलाच कळलं नाही. बोळकं तोंड उघडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोघी खुर्चीवर कोसळल्या. आत्याचं हसणं एवढं मोठं आहे हे मी विसरलोच होतो. सगळा हॉल हसला. अध्यक्षांनी भाषण आवरलं.
डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर बसून सगळे दात कागदी कपात गोळा केले. मोजले. अठ्ठावीस.
एकंदरीत: प्रदर्शनाने प्रेक्षकांना हलवलं. विक्री नाही. तीन जणांनी कपड्यांना पॉलिश लागल्याची तक्रार केली.
आज पावडरचा डबा काढला. आत्याची कवळी आजच नव्याने सुरू करतो. सगळं बाजूला.

३ मार्च, मंगळवार
काल दिवसभर बसून मेणाची नवी कवळी केली. तिरका दात अगदी तसाच लावला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. हे खोटं नाही. आज सकाळी ती घेऊन आत्याच्या खोलीत गेलो.
दोघी खिडकीत बसून जुन्या सुपरवायझरची नक्कल करत होत्या. रुमाल नव्हता. मी डबी पुढे केली. आत्याने उघडून पाहिली, छान झालीय म्हणाली आणि झाकण लावून परत दिली. मग म्हणाली, काल डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा माप देऊन आले, खालच्या गल्लीतला करतोय, शुक्रवारी मिळेल. तो बरा आहे, फक्त दातच करतो.
हे ती रागावून बोलली नाही. पाणी हवं का विचारावं तशा आवाजात म्हणाली.
आधी मला ती माझी स्तुती वाटली. की मी फक्त दात करत नाही, अशी. स्वयंपाकघरात बायकोला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातली डबी घेऊन बाजूला ठेवली आणि चहा पुढे केला.
मग हळूहळू डोक्यात शिरलं. शाळेत मी केलेला तीन पायांचा पाट आत्याने वर्षानुवर्षं भिंतीला टेकवून वापरला. माझ्याकडून पहिली कवळी करून घ्यायला कुणी धजेना, तेव्हा तिने शेजारच्या म्हातारबुवांना गळ घालून ती त्यांच्या गळ्यात मारली. मी केलेल्या कुठल्याच वस्तूला तिने आजवर नको म्हटलं नव्हतं.
चहा गार झाला. खूप वाईट वाटतंय. एवढंच.