निळ्या दिव्यात माझा कान

ती. ताई,

दोन्ही हात (कोपरापर्यंत धुतलेले) जोडून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? बाळ-बाळंतीण बरी आहेत ना? महिन्यापूर्वी तुझ्या दारात जे झालं त्यानंतर पत्र लिहायला तोंड नव्हतं, पण परवा जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

झालं असं, की आम्हा अँब्युलन्सवाल्यांना आणि नव्या स्वयंसेवकांना संसर्ग कसा टाळायचा याचं प्रशिक्षण होतं. शिकवायला एक नर्सबाई, एवढ्याशा, आवाजही एवढासा. मी मनात म्हटलं, बावीस वर्षं पेशंट वाहतोय, या मला काय शिकवणार! (हे वाक्य तू ओळखलं असशील. तुझ्या दारात, नातीला घेण्याआधी तू "हात धू" म्हणालीस तेव्हाही मी हेच ऐकवलं होतं, आणि पोरीचं तोंडही न बघता तरातरा निघून आलो होतो.) तर बाईंनी एका रबरी बाहुल्याला कसलंसं मलम फासलं. म्हणाल्या, हे जंतू समजा. मी झगा, मास्क, हातमोजे चढवले, बाहुल्याला स्ट्रेचरवर घेतलं, वहीत किलोमीटर टिपले, सगळं उतरवलं, हात धुतले आणि ऐटीत उभा राहिलो. बाईंनी पडदे ओढून निळा दिवा लावला; ते मलम म्हणे त्याच उजेडात चमकतं.

ताई, काय सांगू तुला! बाहुला तर उजळलाच, पण स्ट्रेचरची मूठ, दाराची कडी, मी शाबासकी दिलेल्या स्वयंसेवकाची पाठ, जिथे तिथे माझी बोटं लखलखत होती. आणि माझा उजवा कान! (पेन्सिल कानावर खोचायची सवय, दुसरं काय.) हसलं कुणीच नाही, सगळे आ वासून बघत राहिले. मग बाईंनी तेच सगळं स्वतः केलं. हातमोजे उलटे सोलले, झगा अंगापासून लांब धरून गुंडाळला, नखांखालीसुद्धा घासून हात धुतले. दिव्याखाली धरले, तर काही म्हणजे काही नाही! "काका, पुन्हा करा," एवढंच त्या म्हणाल्या. चार वेळा चमकलो, पाचव्यांदा सुटलो.

महिन्यापूर्वी त्या दिवशी तापानं फणफणलेला पेशंट उतरवून मी थेट तुझ्याकडे आलो होतो. तुझं बरोबर होतं, ताई.

तुझा धाकटा

ता. क. रविवारी नातीला बघायला येऊ का? तू सांगायच्या आधी हात धुईन. लांबून दाखवलीस तरी चालेल.

(पाकिटाच्या पाठीवर) ताई, थांब! पाकीट सवयीनं जिभेनं चिकटवलंय. बाळाला घेण्याआधी हात धू.