अर्धा सूर खाली

१२ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. त्याचं कारण वाचून तुम्ही हसणार आहात, तेव्हा हातातला चहा खाली ठेवा आणि मग पुढे वाचा. मी गिटार वाजवायला लागले आहे. तीही साधी नव्हे, बेस गिटार. तारा चारच, पण दोरीसारख्या जाड, आणि वजन एवढं की पट्ट्याने खांदा उतरतो.

तुमच्या दादांचा बँड तुम्हाला ठाऊक आहेच. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर हौस उफाळून आली. दुसऱ्यांची जुनी गाणी आपण वाजवायची, एवढाच उद्योग. गायला हे, गिटारला दंतवैद्य, ड्रमला घड्याळजी. बेस वाजवणारे गृहस्थ मुलाकडे राहायला गेले आणि वाद्य इथेच टाकून गेले. दुसरं कोणी मिळेना. शेवटी हे मला म्हणाले की, तुझी बोटं कात्री चालवून दणकट झाली आहेत, तूच बघ. मी म्हटलं, या वयात लोक काय म्हणतील? तर म्हणाले, बेसवाल्याकडे कोणी बघतच नाही.

ते मात्र खरं निघालं. वाजतोय तोवर कोणाला पत्ता नसतो, थांबला की सगळे माना वळवतात. एवढी वर्षं घर चालवलंय, मला काही नवीन वाटलं नाही.

सराव दवाखान्यामागच्या खोलीत असतो. तिथे एक पत्र्याचं कपाट आहे, त्यात पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे भरलेत. मी सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की कपाटातले सगळे जबडे कडकडा वाजायला लागतात. यांच्या आवडत्या गाण्यात नेमका तोच सूर दर ओळीला येतो. मग घड्याळजी हसतात आणि ताल पळतो. घड्याळजी असून वेळ सांभाळता येत नाही, यावर यांचा विनोद रोज ठरलेला.

यांना थोडा खोकला आहे, बाकी सगळं ठीक.

कळावे. लोभ असावा, आणि हसून झालं की उत्तरही असावं.

तुमची,
वहिनी


२७ जानेवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चहा खाली ठेवला होता म्हणून वाचला. यांना पत्र वाचून दाखवलं. अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळल्यापासून हे कशालाच हसत नाहीत, पण जबड्यांपाशी आले तेव्हा डाव्या बाजूने का होईना, हसले. त्याबद्दल तुझे आणि दंतवैद्याचे आभार.

आता थट्टा पुरे. 'थोडा खोकला' हे तू कोणाला लिहितेस? नर्स म्हणून मी सगळा जन्म वॉर्डात काढला आहे. गेल्या रविवारी दादा फोनवर 'कशी आहेस' म्हणाला आणि पुढचं बोलण्याआधी श्वास घ्यायला थांबला. ज्या माणसाने बसस्थानकावर एका दमात सगळी गावं घेतली, तो दोन शब्दांवर थांबतो? जिना चढताना बसावं लागतं का? नखं निळसर दिसतात का? छातीचा फोटो काढला का? मला घरातून पाऊल बाहेर टाकता येत नाही. तू लिहिशील तेवढंच मला दिसणार, म्हणून खरं लिही.

लोभ आहेच. तो टिकवायचा असेल तर माझ्यापासून काही चोरू नकोस.

तुझी,
नणंद


३ मार्च

प्रिय वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, हे घरातच असतात. लिहिते.

फोटो काढला, तपासण्या झाल्या. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. औषधाने वेग कमी होतो, रोग मागे फिरत नाही. किती वेळ आहे ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. यांना सगळं ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्यांनीच ते शांतपणे ऐकून घेतलं.

त्यांनी हाय खाल्ली ती वेगळ्याच गोष्टीने. त्यांच्या त्या आवडत्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात एक ओळ वर चढते. मागच्या महिन्यात तिथे आवाज फाटला. पुढच्या वेळी पुन्हा फाटला. घरी आले, बूट काढले आणि म्हणाले की, आता मी गाणार नाही, तुम्ही दुसरा बघा. त्यानंतर आठवडाभर खुर्चीतून उठले नाहीत. रोगाने माणूस बसला नव्हता वन्सं, त्या ओळीने बसला.

मला माझ्या शिवणाच्या दुकानातली गोष्ट आठवली. जुनं गिऱ्हाईक जाड झालेलं असायचं, पण मापं मागचीच आहेत म्हणून हट्टाला पेटायचं. मी वाद घालत नसे. शिवणीत आत दुमडलेलं जास्तीचं कापड, म्हणजे माया, सोडून कमरेत अर्धा इंच सैल करून द्यायची, अवाक्षर न काढता. माणूस आरशात बघून खूश. गिऱ्हाइकाला कळलं तर काम फसलं, असं मी हाताखालच्या मुलींना सांगायची.

तेच केलं. दंतवैद्यांना आणि घड्याळजींना विश्वासात घेतलं. आम्ही दोन्ही वाद्यांच्या खुंट्या फिरवून तारा अर्ध्या सुराने खाली उतरवल्या. बोटं तिथेच पडतात, हात तेच दिसतात, फक्त गाणं अर्धी पायरी खाली येतं. यांना बळेच उठवून नेलं. तिसरं कडवं आलं, मी श्वास रोखून उभी, आणि ओळ लागली! म्हणाले, आज आवाज मोकळा झाला. घड्याळजींनी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन डोळे पुसले.

एक गंमत म्हणजे त्या दिवसापासून कपाटातले जबडे गप्प आहेत. त्यांना तोच एक सूर लागत असावा. मला तर बरंच वाटलं.

फोनवर चुकूनही बोलू नका. यांना कळलं तर ते पुन्हा त्या खुर्चीत बसतील आणि मग मला त्यांना उठवता यायचं नाही.

कळावे. लोभ असावा आणि तोंड बंद असावं, एवढीच विनंती.

तुमची,
वहिनी


२१ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझी वहिनी बाजारात गेली असताना लिहितो आहे. वाचून फाडून टाक. तू टाकणार नाहीस, हे मला माहीत आहे. निदान लपवून तरी ठेव.

तुला तिने सगळं लिहिलंच असेल. तारांचंही लिहिलं असेल. मला पहिल्याच दिवशी कळलं. भोंग्यातून स्वतःचाच आवाज परत ऐकत मी नोकरी केली, माझा आवाज कुठे बसतो ते मला कळणार नाही? आणि तेवढंही नको. दर ओळीला खडखडणारे ते जबडे एकाएकी गप्प झाले. तिघंही माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या परीक्षेचा निकाल वाचतोय. मी गायलो आणि म्हणालो, आज आवाज मोकळा झाला. हसू आणि रडू दोन्ही दाबायचं म्हणजे निरोगी माणसाचीही दमछाक होते, मग माझी काय कथा!

राग आला का, असं तू विचारशील. आला. वाटेत दहा पावलं होता. मग पाहिलं तर ती पुढे चालत होती, पाठीवर ते अवजड वाद्य, आणि गुणगुणत होती. चिमणे, माझी बायको रस्त्यात कधी गुणगुणलेली मला आठवत नाही.

मी गातो म्हणून ती ते हातात घेते. मी थांबलो की ते खोळीत जाईल. पुढे मी नसेन तेव्हा दुपारच्या वेळी तिच्या हातात काहीतरी पाहिजे, दारावर चार माणसांची हाक पाहिजे. म्हणून दम आहे तोवर गाणार. ती जितकं खाली उतरवेल तितकं खाली गाईन.

तुला दोन गोष्टी सांगून ठेवतो. मी गेल्यावर ते वाद्य खोळीत राहू देऊ नकोस. आणि मला कळलं होतं, हे तिला कधीच सांगू नकोस, नंतरसुद्धा. गिऱ्हाइकाला कळलं तर काम फसलं, असं ती म्हणते. तिचं एकही काम आजवर फसलेलं नाही. शेवटचं माझ्यामुळे फसायला नको.

पाहुण्यांना माझा नमस्कार सांग. तुझ्यावरचा लोभ तू झिंज्या ओढायचीस तेव्हापासून आहे, तो आता काय कमी होणार.

तुझा,
दादा


१६ जून

प्रिय वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या बँडचा कार्यक्रम झाला. वाचनालयाच्या सभागृहात बऱ्यापैकी माणसं होती, निम्मी दंतवैद्यांची पेशंट. नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती.

तारा आता मुळापेक्षा चांगल्या दोन सुरांनी उतरल्या आहेत. इतक्या सैल, की बोटाखाली वाळत घातलेल्या दोरीसारख्या हलतात. हे स्टुलावर बसून गायले, ऑक्सिजनचं सिलिंडर पडद्याआड. तिसऱ्या कडव्याशी आले आणि दम संपला. तोंड उघडं, आवाज नाही. मी थांबले नाही. तोच तुकडा पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, दंतवैद्य आणि घड्याळजी माझ्या मागून फिरत राहिले. लोकांना वाटलं गाणंच तसं आहे. किती वेळ गेला कोण जाणे. मग यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि ओळ घेतली. पूर्ण घेतली, वन्सं. फाटली नाही.

घरी आल्यावर म्हणाले की, पंचविशीत होता तोच आवाज आहे अजून. मी म्हटलं, अगदी तोच. आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

आता अंथरुणातून फारसे उठत नाहीत. तुमची आठवण काढतात. येता येत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका, ते समजून आहेत.

लोभ आहे म्हणून उभी आहे.

तुमची,
वहिनी


९ ऑगस्ट

प्रिय वहिनीस,
सा. न.

काय लिहू? तीनदा कागद घेतला. दादा गेला आणि मी इथे यांच्या उशाशी बसून घड्याळ बघत होते. हजार लोकांना शेवटचं पाणी पाजलं, सख्ख्या भावाला नाही. हे शल्य मी बरोबर घेऊन जाणार.

तू जेवतेस का? रात्री कोणी सोबतीला असतं का? आणि ते वाद्य कुठे आहे? ते आवर्जून कळव.

तुझी,
नणंद


२ सप्टेंबर

प्रिय वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पाकीट मिळालं. माझ्या नावाआधी सवयीने 'सौ.' लिहिलंत आणि मग खोडलंत, ते दिसलं. पोस्टमन गेल्यावर बराच वेळ त्या खोडलेल्या जागेवर बोट ठेवून बसले होते.

जेवते. शेजारीण सोबतीला येते. वाद्य खोळीत आहे.

दंतवैद्य परवा येऊन गेले. त्यांना एक गाणारी मिळाली आहे, दवाखान्यातली हिशेबनीस. तिला मूळ सूर लागतो. त्यांनी फार आग्रह केला म्हणून मी सरावाला गेले, खोळ उघडली आणि सगळ्यात जाड तार पिळून वर चढवली. एकदाच वाजवली. वन्सं, कपाटातले सगळे जबडे एकदम वाजले!

 इतके दिवस मला सुचलंच नाही. जबडे गप्प झाले तेव्हा हे तिथेच बसलेले होते. मला ऐकू आलं, घड्याळजींना ऐकू आलं, मग यांच्या तिखट कानांना आलं नसेल? यांना कळलं असेल तर त्या सभागृहात, त्या स्टुलावर, माझी बायको माझी कीव करतेय हे मनात ठेवून गायले असतील. मी त्यांच्या पाठीमागे तिघांत खुणा करत होते, आणि ते बघत असतील. मी तशीच वाद्य खोळीत घालून घरी आले. पुन्हा हात लावायची इच्छा नाही.

ते कोणाला काही सांगणाऱ्यातले नव्हते, पण सांगितलंच असेल तर तुम्हाला. यांना कळलं होतं का? तुम्हाला माझी शपथ आहे, काय असेल ते खरं लिहा.

लोभ असावा असं लिहायचं धाडस होत नाही.

तुमची,
वहिनी


११ सप्टेंबर

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी आलं. उत्तर आज लिहिते आहे, कारण शपथ घातलीस आणि शपथेवर लिहायचं म्हणजे नीट बसून लिहावं लागतं.

दादाला कळलं नव्हतं.

अगं, तू कोणाच्या कानांचं कौतुक करतेस? घरातले पडदे बदलले तर त्याला वर्षाने दिसायचे. लहानपणी मी त्याच्या बुटात खडे घालायची, तो शाळेपर्यंत तसाच जायचा. जबडे वाजतात की नाही, हे त्याच्या गावीही नसणार. कार्यक्रमानंतर मला फोन करून थांबत थांबत म्हणाला, चिमणे, आवाज अजून तसाच आहे, कशामुळे टिकलाय कोण जाणे. इतका खूश होता की मला बोलूच देईना. ज्याला माहीत असतं तो असा बोलत नाही. माझ्याकडे त्याचं एक पत्र आहे, त्यातही तू रस्त्याने गुणगुणत चालतेस, याखेरीज वाद्याबद्दल दुसरं काही नाही. ते पत्र मी तुला पाठवणार नाही, मला तेवढंच उरलं आहे.

तुझं काम फसलं नाही, वहिनी. माप बरोबर बसलं होतं.

आता खोळीतून ते बाहेर काढ. चारही तारा वर चढव आणि त्या हिशेबनीस बाईला गाऊ दे. हे मी सांगत नाही, ज्याच्या सांगण्याला तू कधी नाही म्हणाली नाहीस, तो असता तर त्याने हेच सांगितलं असतं. रविवारी सराव असेल तेव्हा फोन लावून कपाटाजवळ ठेव. मी यांच्या उशाशी बसून ऐकेन. जबडे वाजले तरी वाजू देत.

कळावे. लोभ होता त्याहून दुप्पट आहे, दादाच्या वाटचाही आता मलाच सांभाळायचा आहे.

तुझी,
नणंद